खळीखालचा कागद

"अब्बा, भिंतीवर एकावर एक नियमावल्या चिकटवल्यात, त्यांतली खरी कोणती?"

हा प्रश्न विचारायची पैज दहावी ‘ब’च्या मैत्रिणींनी लावली होती आणि तोही चटईच्या कारखान्यात, सगळ्या बायकांसमोर. सादियाने विचारला. लूम चालू होते, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. सादियाचा आवाज लूमच्या वरचाच.

पैजेला कारण होतं. मैत्रीण दिपमालाची आई बेबाबाई दोन दिवस एरंडोलला बहिणीकडे जाऊन आली आणि सादियाच्या अब्बांनी, कारखान्याचे मालक शेहजादभाईंनी, तिला काल कामावरून काढलं. नियम असा, की सुट्टीचा अर्ज आठ दिवस आधी लेखी द्यायचा. ती आज हिशेब नको, काम द्या म्हणून दारात उभी होती.

"भाऊ, भिंतवर वाचीसनच सुट्टी लिधी मी. दोन दिन आधी तोंडी सांगानं, असं लिखेल शे तठे."

खरंच तसं लिहिलेलं होतं. नवी नियमावली आली की शेहजादभाई जुनीवर खळ फासून ती चिकटवत. तारीख नाही, क्रमांक नाही. गेल्या आठवड्यात शेजारी कूलर बसला, वरचा कागद ओला होऊन गळाला आणि झाडूबरोबर गेला. गेल्या वर्षीचा नियम मुकाट पुन्हा कामावर रुजू झाला.

"कॉम्प्युटरमध्ये असेल की," सादिया म्हणाली.

शेहजादभाईंनी ऐटीत प्रिंट काढली. तिच्यात पंधरा दिवस निघाले. ते दर वेळी त्याच फाइलमधलं जुनं पुसून नवं टाइप करत, आणि काल रागाच्या भरात त्यांनी आठाचे पंधरा केले होते. म्हणजे ज्या नियमाने बेबाबाई गेली, तो आता जगात कुठेच नव्हता.

"तू घरी जा, अभ्यास कर," ते म्हणाले.

सादियाने फडकं बादलीत बुडवलं आणि कागद सोलायला घेतले. दोन दिवसांखाली चार दिवस. त्याखाली सुट्टी मिळणारच नाही. सगळ्यांत तळाशी, कारखाना सुरू झाला त्या वर्षीचा, अम्मीच्या अक्षरातला कागद. पॅकिंग सोडून अम्मी, शहनाजही जवळ आली. सादियाने मोठ्याने वाचलं.

"‘मालकाने नऊला हजर राहावे. उशीर झाल्यास त्या दिवशी त्याने कोणालाही कामावरून काढू नये.’ अब्बा, हे रद्द कुठल्या कागदात केलंय?"

सोललेले सगळे कागद उलटेपालटे करून झाले. कुठेच नव्हतं.

"काल शेठ कितीला आले होते?" सादियाने बायकांना विचारलं.

"सव्वाअकराले," बेबाबाई म्हणाली आणि पदर खोचून आपल्या लूमकडे निघाली.

शेहजादभाईंनी बायकोकडे पाहिलं. "हे तू कधी लिहिलंस?"

"तुम्ही खाली सही केलीत तेव्हा."

सादियाने दप्तरातून कोरी वही काढली.

"अब्बा, अम्मी, माझं ठरलंय. आजपासून प्रत्येक नियमाला क्रमांक आणि तारीख. काय बदललं, का बदललं, सगळं या वहीत. जुना कागद फाइलला, भिंतीवर एकच. आज हा लागतोय, क्रमांक एक. बदलायचा असेल तर अर्ज द्या, अब्बा. लेखी, पंधरा दिवस आधी."