आवाज नाही म्हणजे बंद

कासारे गेले तो सोमवार होता. सात वाजून गेले आणि जिन्याखालून आवाज आला नाही. मी चहा ठेवला होता, तो उतू गेला. मग शेजारून कासारेवहिनींनी मधल्या भिंतीवर हात मारला आणि मी धावलो.

सात वाजता जिन्याखालून आवाज यायचा म्हणजे यायचाच. कधी कानस, कधी ड्रिल, कधी नुसती हातोडी. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अलीकडे आमची चार मजली सोसायटी आहे. तिच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी कासाऱ्यांनी एक टेबल टाकलं होतं. एका केमिकल कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढून ते निवृत्त झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या टेबलाशी हजर झाले. मला वाटतं, निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

कारखान्यातून त्यांनी एक सिद्धांत घरी आणला होता. आवाज नाही म्हणजे बंद. त्यांच्याकडे नवा फ्रिज आला, तर दिवसातून दहा वेळा त्याला कान लावून उभे राहायचे. "सर, हा चालू आहे की मेलाय, कळायला नको? जुना कसा, थरथरायचा. माणसासारखा." बॅटरीवरच्या स्कूटरींचा त्यांना मनापासून राग होता. "मागून येते आणि चोरासारखी निघून जाते. ही काय गाडी झाली?"

मी ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकटा राहतो, कमी बोलतो. त्यामुळे माझ्याबद्दलही त्यांना शंका असायची. आठवड्यातून एकदा तरी दार वाजवून विचारायचे, "सर, चालू आहात ना?" मी "हो" म्हणालो की समाधानाने मान हलवून परत जायचे. चहाला थांबायचे नाहीत. तपासणी झाली, काम संपलं.

त्यांचा दुसरा लाडका शब्द म्हणजे लोड. इंजिन नुसतं सुरू होऊन भागत नाही, त्याने लोड घेतला पाहिजे. हा नियम ते सगळ्या सृष्टीला लावायचे. वडाभातात घातलेलं तिखट लोड घेतं की नाही, नवा वॉचमन लोड घेईल की नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पेडणेकर यांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा साखरपुड्यात मुलाला आपादमस्तक न्याहाळून कासारे पेडणेकरांना म्हणाले, "पोरगा दिसायला बरा आहे. लोड घेईल ना?" पेडणेकर तेव्हापासून त्यांच्याशी फक्त लेखी बोलायला लागले.

वहिनी मात्र त्यांना तोंडी पुरून उरायच्या. त्या कल्याणला बालवाडीत शिक्षिका होत्या. बावीस वर्षं रोज मोपेडवरून पत्रीपूल ओलांडून गेल्या. त्या काळात आमच्या गल्लीत मोपेड चालवणारी बाई दुसरी नव्हती. पुढे शुगरने त्यांची नजर नेली. अगोदर धूसर, मग काहीच नाही. मोपेड जिन्यासमोर गंजत उभी राहिली, पण वहिनींनी ती विकू दिली नाही. शनिवारी खाली येऊन हाताने चाचपत तिची धूळ पुसायच्या. पावलांवरून माणूस ओळखायच्या. "सर, चप्पल नवी दिसते," असं मला जिन्यात पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी दचकलो होतो. 'दिसते' हा शब्द त्यांनी सोडला नव्हता.

तर एके दिवशी कासाऱ्यांनी कल्याणच्या भंगारवाल्याकडून एक खेळण्यातली गाडी आणली. खेळण्यातली म्हणजे हातभर लांब, जाड रबरी टायरांची, रिमोटवर चालणारी. त्यांनी तिला बॅटरी घातली आणि पॅसेजमध्ये सोडली. गाडी सुळकन या टोकाहून त्या टोकाला गेली. मी टाळी वाजवली. दाराशी खुर्चीत बसलेल्या वहिनींनी विचारलं, "सुरू झाली का?"

"झाली की. तुझ्या पायाजवळून गेली."

"कधी?"

कासाऱ्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "आवाज नाही म्हणजे बंद," आणि गाडी उचलून खाली घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगण्यात आलं की तिला पेट्रोलचं इंजिन बसवायचं आहे. मला वाटलं, फ्रिजनंतर आता हिची पाळी.

इंजिन मिळालं ठाण्याला, घोडबंदरच्या बाजूच्या एका नर्सरीत. गवत कापायचं मशीन तिथे बिघडून पडलं होतं. येताना बसमध्ये ते इंजिन माझ्या मांडीवर होतं. कॉलेजातला एक जुना विद्यार्थी भेटला. त्याने माझ्या पँटवरचं ऑइल पाहिलं आणि आदराने विचारलं, "सर, सध्या काय वाचताय?"

मग महिनाभर जिन्याखाली जे चाललं, त्यातलं मला समजलं तेवढं सांगतो. बॅटरीची मोटर काढून तिच्या जागी इंजिन बसवायचं, तर गाडीचा सांगाडा ते वजन पेलत नाही. म्हणून खाली पत्रा. इंजिन सुरू झाल्याबरोबर गाडी पळू नये, वेग वाढल्यावरच चाकांना जोर मिळावा, म्हणून मधे क्लच. तो गवताच्या मशीनचाच. पेट्रोल कमी-जास्त करायला रिमोटवर हलणारी एक छोटी मोटर, तिलाच जोडून ब्रेक. "आणि रिव्हर्स?" मी विचारलं. "रिव्हर्स नाही. अडकली तर उचलून ठेवायची," कासारे म्हणाले.

एकच गोष्ट मला समजली नाही. रिमोटला वेग वाढवायला बोटाने ओढायचा एक खटका होता. कासाऱ्यांनी तो काढून टाकला आणि तिथे वहिनींच्या मोपेडची उजवी मूठ बसवली. रबरासकट, आख्खी. मनगट पिळलं की वेग वाढायचा, सोडलं की गाडी थांबायची. डाव्या हाताने एक चाकी फिरवून वळवायचं. रिमोट दिसायला लाटण्यासारखा झाला. शनिवारी वहिनी धूळ पुसायला आल्या आणि त्यांचा हात रिकाम्या हँडलवर थांबला.

"अहो, माझ्या गाडीची मूठ कुठंय?"

"उंदरांनी खाल्ली असेल."

"रबर खातील. आतला पाइप पण?"

"डोंबिवलीचे उंदीर आहेत. काय सर?"

मी आयुष्यात फारसं खोटं बोललेलो नाही. त्या दिवशी म्हणालो, "हो, मोठे आहेत."

पहिली चाचणी माझ्यामुळे फसली. त्या इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागतं, पंचवीस भागांना एक भाग. प्रमाण विसरू नये म्हणून कासाऱ्यांनी मला डब्यावर लिहायला सांगितलं. मी आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक घातलेला माणूस. सुबक देवनागरीत लिहिलं : पेट्रोल २५, ऑइल १. कासाऱ्यांचे डोळे चौतीस वर्षं इंग्रजी आकड्यांचे काटे वाचत आलेले. त्या दिवशी चष्मा वर राहिला होता. माझा मराठी एक त्यांनी इंग्रजी नऊ वाचला, आणि नऊ मापं ऑइल ओतलं.

इंजिन कसंबसं खोकत सुरू झालं आणि जिन्यातून पांढरा धूर वर चढला. पहिल्या मजल्यावर कुणीतरी ओरडलं, "डासांची फवारणी आली, खिडक्या लावा!" चारही मजल्यांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी झाकणं शोधून भांडी झाकली. पेडणेकर नाकाला रुमाल लावून खाली आले, आणि धुरात त्यांना फवारणीवाला दिसला नाही, कासारे दिसले. खोकत खोकत ते परत गेले. संध्याकाळी नोटीस लागली. येत्या रविवारी सकाळी मैदानात अर्धा तास दिला जाईल. सदर वाहन चालल्यास ठीक, न चालल्यास जिन्याखालची जागा त्याच दिवशी रिकामी करावी.

आठवडाभर डास आले नाहीत. त्याचं श्रेय मात्र कुणी दिलं नाही.

नोटीस वाचून कासारे पुन्हा टेबलाशी गेले. ते टेबल गेलं असतं तर सकाळी सातला त्यांनी काय केलं असतं, याचा मी विचार करत होतो. प्लग धुतला, टाकी धुतली, डब्यावरचा माझा एक खोडून त्यांनी आपला इंग्रजी एक लिहिला. तरी शुक्रवारी नवीनच भानगड. इंजिन चालू झालं की पुढची चाकं थंडी वाजल्यासारखी थडथडायची. ठिणगीमुळे रिमोटच्या लहरी बिघडतात, असं निदान झालं. कासाऱ्यांनी गाडीतला त्या लहरी पकडणारा भाग उचलून इंजिनापासून लांब नेला आणि एरियलची तार तेवढी बाहेर ठेवून राजगिऱ्याच्या लाडवांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केला. थडथड थांबली. लाडू मला मिळाले.

रविवारी मैदानात सगळी सोसायटी. पेडणेकर हातात घड्याळ आणि तोंडावर रुमाल धरून, अजून खोकत. वहिनींना कासाऱ्यांनी स्वतः हात धरून आणलं आणि कडुलिंबाखालच्या बाकावर बसवलं. मग गुडघा टेकून दोरी ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा ओढली, इंजिन शिंकलं. तिसऱ्यांदा ओढली आणि असा आवाज झाला की कडुलिंबावरचे कावळे उठले. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. पेडणेकर म्हणाले, "सुरू झाली, ठीक. पण चालवून दाखवा."

कासाऱ्यांनी रिमोट उचलला, बाकाकडे नेला आणि वहिनींच्या हातात दिला.

वहिनींची उजवी मूठ वळली. अंगठा रबरावरून फिरला, कडेला एक कापल्याची खूण होती तिथे थांबला.

"उंदीर का?" त्या म्हणाल्या.

"चल, बालवाडीला उशीर होतोय."

"अहो, काहीतरीच. लोकं बघतायत."

"तुला दिसतायत का? नाही ना? मग." आणि आमच्या इमारतीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस आमच्याकडे वळून ओरडला, "आता कुणी बोलायचं नाही. एक शब्द नाही. तिला ऐकू द्या."

मैदान गप्प झालं. वहिनींनी मान किंचित डावीकडे कलती केली आणि मनगट पिळलं.

गाडी निघाली. सरळ गेली, आवाज लांब जात बारीक झाला, तसं वहिनींनी चाकी फिरवली. गाडी वळली. पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत आली, आवाज मोठा होत गेला, आणि बाकाच्या समोरून, वहिनींच्या पावलांपासून दोन हातांवरून घणघणत गेली. वहिनी हसल्या. दुसऱ्या फेरीला वेग वाढला. तिसऱ्या फेरीला त्यांनी पदर कमरेला खोचला. मोपेडवर बसताना खोचायच्या तसाच. चौथ्या फेरीला गाडी थेट पेडणेकरांच्या दिशेने निघाली आणि चार पावलांवर ब्रेक लागून थांबली.

"पेडणेकर, बाजूला व्हा," वहिनी म्हणाल्या. "तुमचा खोकला रस्त्यात येतोय."

आता मात्र कुणाला गप्प राहवलं नाही. त्या हशात आणि टाळ्यांत पेडणेकर खरोखरच बाजूला झाले, आणि पेट्रोल संपेपर्यंत त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. अर्ध्याऐवजी पाऊण तास झाला. जाताना कासाऱ्यांजवळ थांबून, साखरपुड्यानंतर पहिल्यांदा तोंडी म्हणाले, "लोड घेते हो."

गाडी उचलून आणताना मी कासाऱ्यांना विचारलं, "मला तरी आधी सांगायचं होतंत. वहिनींना तरी."

"आणि चालली नसती तर?" ते म्हणाले. "टेबल गेलं असतं तर गेलं असतं, सर. तिला एकदा सांगून मग नाही कसं म्हणायचं?"

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी ती गाडी मैदानात फिरली. मग तो सोमवार आला.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले. आठवडाभर मी पुस्तक उघडून एकाच पानावर बसत होतो. रविवारी आठ वाजता दार वाजलं. वहिनी भिंतीला हात लावत आल्या होत्या. दुसऱ्या हातात रिमोट होता.

"सर," त्या म्हणाल्या, "चालू आहात ना?"

आता ऑइल मी मोजतो. पंचवीसला एक. दोरी मी ओढतो. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू होतं, आणि गाडी वहिनी चालवतात.