एकशे पस्तीस वर्षांचा मान

आकडेमोड हरिबाला नुसती येत नव्हती, ती त्याच्या अंगात येत होती!

मेंढेवाडीच्या महादेवाच्या चौकटीवर ९८० हा आकडा कोरलेला होता. शेजारच्या फुलवाडीच्या देवळावर १११५. लहान आकडा म्हणजे जुनं देऊळ, हा हरिबाचा सरळ हिशेब. जुन्या देवळाच्या वाडीनं जत्रेत भीमेकाठच्या पिंडीवर पहिली घागर घालायची, असा दोन्ही वाड्यांचा रिवाज. वीस वर्षं ती घागर हरिबा घालत होता, आणि फुलवाडीचे पोपटराव मागं उभं राहून नुसते जळत होते.

अठ्ठ्याण्णव सालच्या जत्रेला हरिबानं दौंडच्या पेंटरकडून पाटीच रंगवून आणली : 'फुलवाडीपेक्षा १३५ वर्षांनी जुने देवस्थान'. कुशाबाईनं नवऱ्याला विचारलं, त्या आकड्यांशेजारी अक्षरं आहेत, ती कुणी वाचली का? हरिबा म्हणाला, आकडा स्वच्छ दिसत असताना अक्षरं वाचतो कोण! एवढ्यावर न थांबता भर सभेत छाती फुगवून बोलला, "आमचं देऊळ तुमच्यापरीस एक दिस जरी नवं निघालं, तर पोपटराव, तुमची घागर जल्मभर माझ्या डोक्यावर!"

पोपटरावांनी पंचांग जाणणाऱ्या सोपानराव गुरुजींना दौंडहून बोलावलं. गुरुजींनी दोन्ही चौकटी पुसून वाचल्या. मेंढेवाडीवर शके होतं, फुलवाडीवर संवत. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले, संवतातून सत्तावन्न वजा केले. दोन्हीकडं इसवी सन १०५८ आलं. संवत्सराचं नावही दोन्हीकडं एकच, विलंबी.

हरिबाची एकशे पस्तीस वर्षं बसल्या जागी गेली. तरी त्यानं धीर धरला. बरोबरी तर बरोबरी!

"महिना बी लिव्हलाय का, गुरुजी?" पोपटरावांनी हळूच विचारलं.

लिहिला होता. फुलवाडीचा चैत्र, मेंढेवाडीचा आश्विन.

जत्रेच्या दिवशी हरिबा डोक्यावर पोपटरावांची घागर घेऊन निघाला. वाटेत पाटी दिसली. पेंटरनं रातोरात दुरुस्ती केली होती : 'फुलवाडीपेक्षा सहा महिन्यांनी तरणे देवस्थान'. हरिबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी त्याच्या ध्यानात आलं की घागर आपल्या डोक्यावर आहे आणि पोपटराव मागं आहेत. तो खुलला.

"बगा पोपटराव, देवाम्होरं आदी पोचलो मीच."

"व्हय की," पोपटराव घागर उतरवून घेत म्हणाले. "फुडल्या साली बी तुम्हीच पोचा. फकस्त घागर जरा मोठी आणतो."