सरांची गाडी निघाली

मोतीराम सरांनी नववीला मागणी-पुरवठा घरच्या कापसावरून शिकवायचं ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

"सगळ्यांनी एकदम माल काढला की भाव पडतो. मी बघा, बैठकीत छातीभर कापूस रचून ठेवलाय. थांबायचं!" (त्या कापसानं सरांच्या अंगाला सुटलेली खाज अभ्यासक्रमात नव्हती.) पोरांनी हे घरोघर सांगितलं. चिखलीजवळच्या त्या गावात बीटी कपाशी आल्यापासून सगळ्यांचं एकच पीक. अख्खं गाव कापूस दाबून बसलं.

मग दुसरबीडहून निरोप आला: पाहुणे उद्या दुपारी सरांच्या सारिकाला बघायला येतायत.

"पाहुण्यायले काय छपरावर बसवता?" सरांच्या पत्नी पुष्पाबाई कडाडल्या. "पोरीचं जमून राह्यलं अन् तुमचा धडाच सरत नाही! सकाळी बैठक मोकळी पाह्यजे मले!"

एकुलत्या एका लेकीचा प्रश्न. सकाळीच सर गाडी भरून व्यापाऱ्याच्या काट्याकडे निघाले. वाटेत त्यांच्याच वर्गातली आलिमा भेटली.

"सर, तुम्ही कापूस काढून राह्यले? काऊन?"

स्थळ पक्कं होण्याआधी वाच्यता करू नये म्हणतात. सर नुसतेच गूढ हसले.

ते हसणं भोवलं. काट्यापाशी पोचून मागे बघतात तो गाड्याच गाड्या! पहिल्याच गाडीवरून भगवानराव ओरडत होते, "अर्थशास्त्राचा माणूस विकून राह्यला म्हंजे उद्या भाव पडन! हाणा बैलं!"

पांढरी रांग थेट ओढ्यापलीकडे गेली होती. सर भान हरपून बघत राहिले. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली पुरवठ्याची रेघ आज शिंगांसकट चालत आली होती. घाबरायचं सोडून त्यांचा ऊर भरून आला.

व्यापाऱ्यानं रांग पाहिली, भाव पाडला आणि थोड्या वेळानं काटाच बंद केला.

"सर," वडिलांच्या गाडीवरून आलिमा डोळे विस्फारून म्हणाली, "पुस्तकातलं खरंच असते!"

बघत राहिलेल्या सरांचा नंबर हुकला; त्यांचा कापूस परत बैठकीत आला. पाहुणे त्यावरच चढून बसले. चहा झाला, खाजवणं झालं. मुलाचे वडील खूश होते.

"एवढा माल धरून ठेवणारं घर! पोरगी पसंत हाय आमाले." सरांच्या जिवात जीव आला. "आता सर, तुम्ही जाणकार. आमच्याबी घरी खोल्या भरून हायेत. कवा विकाव?"

सरांनी घसा साफ केला, तोवर पुष्पाबाईंनी पोह्यांची बशी पुढे केली.

"सोपं हाय, भाऊ. हे गाडी भरतीन, त्या दिवशी तुम्ही कुलूप लावा."