दगडोबाने पाहिलेलं जानवसघर

एका जंगलात (मागच्या ओळीत कुजबुज नको, मला सगळं ऐकू येतं) दगडोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. अंगाने आडदांड, पण इतकं भिडस्त की मधमाश्या कडाडून चावल्या तरी म्हणायचं, "असू दे, असू दे!"

तर या दगडोबाच्या लेकीचं, साळूचं, लग्न ठरलं. आता सांगा, मुलीच्या बापाला सगळ्यांत मोठा घोर कशाचा? जानवसघराचा! म्हणजे नवऱ्याकडचं वऱ्हाड उतरवायचं कुठे? दगडोबाच्या पुतणीच्या लग्नात आंघोळीचं पाणी जरा कोमट निघालं. तेवढ्यावरून वरमाय रुसली आणि सगळं वऱ्हाड नवऱ्यासकट माघारी गेलं. पुतणी अजून घरीच आहे. त्यामुळे दगडोबाने धसकाच घेतला होता.

"जागा मी आधी स्वतः राहून बघतो," तो बायकोला म्हणाला. शहाणाच की नाही?

जंगलाला लागून एक शहर होतं. तिथे कोल्हेशेटचं 'गुहाविलास' लॉज होतं. पाटीवर हा मोठा धबधबा रंगवलेला. आत नळ सोडला तर नुसतं सूं सूं. खाट एवढीशी, की दगडोबाचे पाय खिडकीबाहेर आणि पायांवर कावळे. ढेकणांनी तर त्याला पाहून गावोगावचे सोयरे बोलावून घेतले. चहा आला तो थंड, वर त्यात माशी.

निघताना कोल्हेशेटने हात जोडले. "काय दगडोबा, सोय झाली ना नीट?"

सगळं अगदी ओठांवर आलं होतं हो! पण तोंडावर वाईट कसं बोलायचं?

"झकास!" दगडोबा म्हणाला.

"मग वऱ्हाडासाठी अख्खं लॉज राखून ठेवतो!"

"ठेवा," म्हणाला, आणि घरी येऊन कपाळाला हात लावून बसला.

"अहो, नाही म्हणायला जीभ झडली होती का?" बायको कडाडली. बरोबरच होतं तिचं.

लग्नाचा दिवस उजाडला. 'गुहाविलास'मध्ये रात्र काढून वरमाय गोदाक्का तरातरा मांडवात आल्या. अंगभर ढेकूण चावून उठलेल्या गांधी, डोळे लालबुंद. दगडोबाला वाटलं, संपलं! साळूचंही लग्न मोडलं!

"व्याही," गोदाक्कांचा घसा पार बसला होता, "पहाटेपासून भांडतेय मी त्या मेल्या कोल्ह्याशी. वर मलाच म्हणतो कसा, 'तुमचे व्याही इथे राहून गेले, त्यांनी नाही तक्रार केली!' अहो, आमच्या सोयीसाठी तुम्ही स्वतः त्या खाटेवर झोपलात?"

"झोपलो," दगडोबा रडवेला होऊन म्हणाला.

"अगं बाई! सख्ख्या भावाने नसतं केलं हो एवढं!"

झालं! मग मानाची साडी फिक्या रंगाची निघाली, जिलबी कमी पडली, भटजी उशिरा आले. गोदाक्का चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलायला आवाजही नव्हता आणि रागही उरला नव्हता. साळू वाजतगाजत सासरी गेली. दगडोबा मांडवातच ढसाढसा रडला, आनंदाने.

तात्पर्य: लग्नात रुसवा हा व्हायचाच. तो दुसऱ्याच्या दारात आधीच होऊन जाईल, अशा ठिकाणी वऱ्हाड उतरवावं. यालाच उत्तम सोय म्हणतात.