कागदी सरांचा कर्सरवरचा संशय

टिकल्यांचं पाकीट सापडलं ते कागदी सरांच्या ड्रॉवरमध्ये. मी स्टेपलर शोधत होते. कागदी सर म्हणजे यासीन कागदी, वय बावन्न, लग्न झालेलं नाही, अंगावर कायम पांढरा हाफ शर्ट. पाकिटात बारीक लाल टिकल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या वापरलेल्या. मी ड्रॉवर हळूच लावला आणि दिवसभर त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघत राहिले.

संध्याकाळी उलगडा झाला. सरांनी पाकिटातून एक टिकली काढली आणि मॉनिटरच्या काचेवर लावली, बरोबर कर्सरवर. कर्सर म्हणजे ती उभी लुकलुकणारी रेघ, पुढचं अक्षर जिथे उमटायचं ती जागा दाखवणारी. मग त्यांनी की-बोर्डवरचा उजवा बाण एकदाच दाबला, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेला नाक लागेपर्यंत मान पुढे नेली.

"हलला नाय," ते म्हणाले. "बघा ताई. मशीन म्हणतंय मी एक घर पुढं गेलो. आणि हा टिकलीखालीच. ह्याला खोटं बोलणं म्हणत्यात."

आमचं ऑफिस नारायणगावात, ठिबकच्या पाइपांच्या दुकानावर. मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. वकील, पतसंस्था, लग्नपत्रिकावाले ते वापरतात. मी अवसरीला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात काढली आणि मग घराजवळ म्हणून इथे लागले. बोरीहून स्कूटीवर येते. माझ्याकडे छपाईचं काम होतं, सरांकडे कर्सर. गेली तीन वर्षं फक्त कर्सर. एवढ्याशा रेघेला एक अख्खा माणूस कशाला लागतो, हे मला पहिले दोन महिने कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर संशय घ्यायची मला तशी सवयच आहे.

सरांनी एकदा समजावून सांगितलं. आपल्याला 'स्त्री' हे एक अक्षर दिसतं. मशीनच्या पोटात ते सहा तुकड्यांत असतं: स, पाय मोडायची खूण, त, पुन्हा पाय मोडायची खूण, र आणि वेलांटी. आमचं जुनं सॉफ्टवेअर एका दाबाला एकच तुकडा ओलांडायचं. म्हणजे 'स्त्री'च्या पलीकडे जायला बाण सहा वेळा दाबा, आणि पहिल्या पाच वेळी पडद्यावर काही हलणार नाही.

"माणसानं एकदा दाबलं तर अख्खं अक्षर ओलांडायला पायजे," सर म्हणाले. "पण खोडताना एकेक तुकडा खोडायचा. वेलांटी चुकली म्हणून आख्खी स्त्री कशाला पुसायची?"

मुद्दा पटण्यासारखा होता. पण सरांचा संशय पडद्यावर थांबत नव्हता. एकदा मला उशीर झाला म्हणून मी फोन केला, "सर, मी पुलावर आहे."

"नक्की कुठं? अलीकडं का पलीकडं?"

"पुलावर, सर."

"म्हंजे मधी. मग मधी म्हणा."

वडापावच्या गाडीवर ते रांगेत उभे राहायचे तेव्हाही हेच. त्यांच्या मते माणूस कधी कुणाच्या मागे नसतो, तो दोघांच्या मध्ये असतो. "आणि तुमच्या मागे कुणीच नसलं तर?" मी विचारलं. "शेवट ही बी जागाच हाय. पाच अक्षरांच्या शब्दात कर्सरला सहा जागा असत्यात. लोक सहावी मोजत नायत, आणि तिथंच प्रोग्रॅम फसतो," असं म्हणून त्यांनी गाडीवाल्याकडे, तोही फसवणाराच आहे अशा नजरेनं पाहिलं.

आमचे मालक विश्वासभाऊ. त्यांच्या नावाचा त्यांच्या स्वभावाशी काही संबंध नव्हता. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मंचरच्या एका वकिलानं त्यांना सांगितलं होतं की आपल्यासारखंच सॉफ्टवेअर दुसरा कुणीतरी दाखवत फिरतोय.

"कागदी दर शनिवारी पेन ड्राइव्हवर प्रोग्रॅमची कॉपी घेतो. मी पाह्यलंय," भाऊ म्हणाले. "इचारलं तर म्हणतो, घरी तपासतो. कर्सर तपासायला घरी कशाला न्यायला पायजे? तू शेजारी बसतीस. जरा बघ."

मला हे काम आवडलं हे आज कबूल करायला लाज वाटते. मी बघू लागले. सरांच्या टेबलावर एक वही असायची. ते हात धुवायला गेले तेव्हा मी ती उघडली. आत फक्त अशा नोंदी: "दाब २६. वाया ३. रुसले." पुढच्या पानावर, "दाब ४१. वाया ०. खूश." आणि अगदी पहिल्या पानावर, "रस्सा इथे अडकले. आठ दिवस बंद."

रस्सा हे मला सांकेतिक नाव वाटलं. गिऱ्हाईक असणार. त्याला कॉपी दाखवली, तो रुसला, व्यवहार अडकला, आठ दिवस बोलणं बंद. सगळं जुळत होतं. मी भाऊंना सांगितलं. भाऊंचा चेहरा पडला. "एवढ्या वर्षांचा माणूस," ते म्हणाले, आणि खिडकीतून खाली पाइपांकडे बघत राहिले. "सोमवारी त्याला सांगतो, उद्यापासून येऊ नको." मी म्हटलं, एकदा त्यांच्या घरी जाऊन खात्री करते.

रविवारी सकाळी शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन मी जुन्नरला गेले. पूर्वी जुन्नरात हातानं कागद बनवायचे, त्या घरांपैकी हे एक. आता कागद नाही, आडनाव तेवढं राहिलंय. दार सरांनीच उघडलं. हाताला कांद्याचा वास, खांद्यावर टॉवेल.

"शेंगा आणल्या होत्या," मी म्हटलं. "घरच्या आहेत."

"घर बोरीला. बाजार नारायणगावात. आन शेंगा जुन्नरला," सर म्हणाले. "नक्की कशाला आलात, ताई?"

तेवढ्यात आतून की-बोर्डचं एक बटण दाबल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग आणखी एक. सरांनी मागे पाहिलं आणि बाजूला झाले. "या आत. भाई इचारतोय, कोण आलंय."

आतल्या खोलीत खिडकीजवळ खुर्चीत त्यांचे थोरले भाऊ बसले होते, इस्माईलभाई. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कानांना छान ऐकू येतं. डाव्या हाताचं एक बोट चालतं. समोर कॉम्प्युटर, त्यावर आमचंच सॉफ्टवेअर, अक्षरं बोटभर मोठी. पडद्यावर 'कोण' एवढंच होतं. मी नाव सांगितलं. ते बोट की-बोर्डवर निघालं. कुठल्या बटणावर जायचंय हे ठरवायला जेवढा वेळ, तेवढाच परत तिथे पोचायला. 'बसा' लिहून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पटकन बसले.

मग मी सगळं सांगून टाकलं. पेन ड्राइव्ह, वही, मंचरचा वकील, विश्वासभाऊ सोमवारी काय करणार आहेत ते. सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून गुडघ्यावर घडी करून ठेवला.

"रस्सा गिऱ्हाईक नाय, ताई. रस्सा म्हंजे रस्सा. मी केलेला. भाईनं लिवलं, रस्सा खारट. लिवताना खारटमधल्या 'ख'चा काना ऱ्हायला. मराठीचा मास्तर, त्याला चूक बघवती का? मागं जायला बाण दाबून धरला, तर कर्सर पळाला भलतीकडं, पार रस्सातल्या 'स्सा'च्या मागं. मग पुढं यायला बाण दाबला. 'स्सा'चे पोटात चार तुकडे. एकदा दाबलं, कर्सर हलला नाय. परत दाबलं, नाय हलला. त्यानं बोटाकडं पाह्यलं. तिसऱ्यांदा दाबलंच नाय."

इस्माईलभाई ऐकत होते. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

"त्याला वाटलं बोट गेलं," सर म्हणाले. "एक बोट ऱ्हायलं व्हतं, ते बी गेलं. आठ दिवस हात मांडीवर ठेवून बसला. मी सांगतोय बोट चांगलं हाय, पण त्याचा इश्वास बसंना. दाबल्यालं दिसलंच नाय तर माणसानं कशावर इश्वास ठेवायचा? बोट चांगलं व्हतं, ताई. कर्सर खोटा व्हता."

त्या दिवसापासून सर प्रत्येक शनिवारी सुधारलेली कॉपी घरी आणत होते. भाई लिहायचे आणि सर वहीत मांडायचे, किती वेळा दाबलं आणि त्यातलं किती वाया गेलं.

"भाऊंना सांगायचं ना सरळ," मी म्हटलं.

"सांगितलं की लोक भेटायला येत्यात. आन आले की त्याच्यासमोर हळू आवाजात बोलत्यात. तो बहिरा नाय, मेला बी नाय. त्याला ते खपत नाय."

मी मघापासून हळू बोलत होते. मला ते तेव्हा कळलं.

सोमवारी मी भाऊंपुढे उभी राहून सगळं सांगितलं, माझा आगाऊपणा धरून. मंचरच्या वकिलाला त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, तेव्हा कळलं की त्यानं पाहिलेलं सॉफ्टवेअर आमचंच होतं, दुसऱ्या वकिलाच्या टेबलावर. मग भाऊ बाहेर आले, सरांच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "एका दाबाला एक अक्षर, हे सगळ्या गिऱ्हाइकांना द्या. किती दिवस लागतील?"

"सगळ्या म्हंजे नक्की कुणाकुणाला?" सरांनी विचारलं. भाऊंनी मान हलवली आणि आत गेले.

त्यानंतर मी दोन-तीनदा जुन्नरला गेले, आता न विचारता शेंगा घेऊन. तिथे एक गोष्ट मला खटकत होती. इस्माईलभाई पडद्यावर काही लिहायचे, 'भात कच्चा' वगैरे. ऑफिसात दिवसभर बोलणारे सर त्यावर तोंडानं उत्तर द्यायचे नाहीत. ते की-बोर्ड स्वतःकडे ओढायचे आणि खालच्या ओळीत लिहायचे, 'कच्चा नाही'. तेही डाव्या हाताच्या एकाच बोटानं. भाई की-बोर्ड परत घ्यायचे, आधी सरांच्या ओळीतली वेलांटी दुरुस्त करायचे, मग पुढचं लिहायचे. तासभर भांडण चालायचं आणि खोलीत चकार शब्द नसायचा.

एका दुपारी ऑफिसात चहा घेताना मी विचारलंच. "सर, भाईंना ऐकू येतं. मग तुम्ही बोलत का नाही?"

"भांडणात एकट्यालाच तोंड असून कसं चालंल," सर म्हणाले. "मी बोललो तर मीच जिंकणार की."

"आणि भाताचं काय झालं? कच्चा होता का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "व्हता जरासा. पण मी अजून कबूल केलं नाय. कबूल केलं की भाई की-बोर्ड सरकवून ठेवतो. मग घरात दोघांपैकी कुणाचाच आवाज नसतो."