चारशे बाराची सामान्य मर्यादा

श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी वरिष्ठांच्या लेखी आदेशाची वाट न पाहता काम करतात, आणि कार्यालयीन शिस्तीच्या दृष्टीनं ही बाब चिंताजनक आहे. धूळ आत आली की या पेशी काही प्रथिनं सोडतात. त्यातली काही रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाका मारून बोलावतात. त्या येतात, धक्काबुक्की होते, फुप्फुसाला सूज येते. काही प्रथिनं मात्र ‘झालं ते पुरे, आता घरी जा’ असं समजावतात. धूळ रोजच आली, तर समजावणारी थकतात आणि हाका मारणारी थांबत नाहीत. (सभांमध्येही असंच होतं, पण तो प्रस्तुत विषय नाही.)

छत्रपती संभाजीनगरातल्या एका फुप्फुस संशोधन केंद्रात विशाखा तंत्रज्ञ होती. पन्नास जणांचा बेडका तपासून हाका मारणाऱ्या प्रथिनांची सामान्य मर्यादा ठरवायची, असं काम तिच्याकडे आलं. त्यासाठी मुकुंदवाडी निवडली गेली, कारण केंद्राची जीप तेवढीच लांब जायची. तिथला एक रस्ता चार वर्षांत सहा वेळा खोदला होता (दोनदा पाइपसाठी, तीनदा केबलसाठी, एकदा आधी काय पुरलंय ते बघण्यासाठी).

पहिला नमुना तिनं आपल्या आत्याचा घेतला. कडूबाई त्याच रस्त्याच्या कडेला भाजी विकायची आणि दीड वर्षापासून खोकत होती.

“विशाखे, यानं माझं दुखणं कळंल का गं?” डबीत थुंकून तिनं विचारलं.

“कळंल ना, आत्या. आकडा वाढलेला निघाला की मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळती.”

आकडा चारशे बारा निघाला.

उरलेले एकोणपन्नास नमुने फ्रीजमध्ये होते. शनिवारी वीज गेली. इन्व्हर्टर संचालक तात्यासाहेबांच्या बंद केबिनमधल्या एसीला जोडलेला होता. केबिन गार राहिली. सोमवारी नमुन्यांना वास सुटला. अहवाल मंगळवारी द्यायचा होता.

“एका नमुन्याची सरासरी किती येते?” तात्यासाहेबांनी विचारलं.

“चारशे बारा, सर. पण त्या आजारी आहेत.”

“आणि विचलन?”

“शून्य, सर.”

तात्यासाहेब सद्गदित झाले. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत इतकी एकवाक्यता त्यांनी कुठंच पाहिली नव्हती. “सही करा,” ते म्हणाले.

विशाखाची नेमणूक अकरा महिन्यांची होती आणि अकरावा महिना चालू होता. सही करताना तिला डबी धरलेली आत्याची बोटं आठवली. तरी सही सुवाच्य आली, आणि नेमणूक आणखी अकरा महिन्यांनी वाढली.

पुढच्या तीन महिन्यांत चारशे बाराच्या मर्यादेवर सहाशे तीस जण तपासले. सामान्य निघाली एक: कडूबाई. बाकी सगळ्यांना ‘प्रथिन-न्यूनता’ होती. शहराच्या छावणी भागात झाडांच्या सावलीत राहणारे तात्यासाहेब स्वतः अडतीस निघाले. दोन दिवस त्यांनी आजारपणाची रजा घेतली. तिसऱ्या दिवसापासून मुकुंदवाडीच्या त्या रस्त्यावर तोंड उघडं ठेवून फेऱ्या मारू लागले. महिन्याभरानं त्यांना पहिला खोकला आला, तेव्हा केंद्रात पेढे वाटले. रस्ता बुजवण्याचं काम जनतेच्या आरोग्याचा विचार करून थांबवण्यात आलं. धुळीवर पाणी मारणाऱ्या टँकरवाल्याकडून खुलासा मागवला गेला.

कडूबाईचा ‘प्रमाण नागरिक’ म्हणून सत्कार झाला. शाल, नारळ वगैरे. मनोगत सांगायला ती उभी राहिली आणि दोन मिनिटं नुसती खोकली. टाळ्या थांबेनात.

“आन् चिठ्ठी?” खाली उतरून तिनं विचारलं.

“आत्या, चिठ्ठी आजारी माणसाला मिळती. तू नॉर्मल हायेस.”

“मंग दोन पायऱ्या चढले तर दम कशाचा लागतो?”

फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. मर्यादा बदलण्यासाठी विशाखानं तीन अर्ज केले. तिन्ही परत आले: फेरविचारासाठी दुसरा सामान्य माणूस सोबत जोडावा. मग चौथा अर्ज न करता तिनं आत्याला एसटीत बसवलं आणि पाचोड गावी तिच्या चुलतभावाकडं पाठवून दिलं.

तिथं कडूबाई भावाच्या मळ्यातली भाजी आठवडी बाजारात विकू लागली. अडीच महिन्यांत खोकला जवळजवळ गेला. विशाखानं सुट्टीत जाऊन नमुना आणला. आकडा पंच्याण्णव. ती यंत्रासमोर एकटीच हसली, मग तिनं डोळे पुसले.

तात्यासाहेबांनी मात्र अहवाल पाहून कपाळाला हात लावला. जिल्ह्याचा एकमेव निरोगी माणूस आजारी पडला होता. त्याच दिवशी कडूबाईच्या नावे चिठ्ठी निघाली. उपचार: मुकुंदवाडी, रोज आठ तास, उघड्या नाकानं.

विशाखानं ती फोनवर वाचून दाखवली.

“कागद जाड हाय का गं?” कडूबाईनं विचारलं.

“बरा जाड हाय.”

“मंग येताना घेऊन ये. मिरच्यांच्या पुड्यांना लागतो.”

मर्यादा अजून चारशे बाराच आहे. वाचकांनी इथं थांबून एक खोल श्वास घ्यावा. ठसका लागला, तर अभिनंदन: आपण नॉर्मल आहात, आणि घरासमोरच्या रस्त्याबद्दल आपली काहीही तक्रार नाही, असं गृहीत धरण्यात येईल. गेली चार वर्षं तसंच धरलेलं आहे, आणि आपण कधी नाही म्हणाला नाहीत.