बेघर राहण्याची मुदत

माणसाला घर नसलं तरी चालतं, पण दृष्टिकोन हवा, हे आता सर्वमान्य झालं आहे. त्यानुसार वसईतल्या एका संस्थेने ‘माझी नजर’ हा उपक्रम काढला. बारा बेघर तरुणांना बारा कॅमेरे द्यायचे (संध्याकाळी परत घ्यायचे, कारण बेघर माणसाकडे कॅमेरा ठेवायला जागा नसते), सहा महिने फोटो काढून घ्यायचे आणि मग प्रदर्शन भरवायचं.

संयोजिका सुरुचीताई मनापासून राबत होत्या. त्यांचं एकच दुखणं होतं, गळती. एकजण गावी मामाकडे राहायला गेला, एकीचं लग्न झालं, एकाला वालीवच्या कारखान्यात नोकरीसह खोली मिळाली. या तिन्ही घटनांची नोंद अहवालात ‘उपक्रमापुढील अडचणी’ या मथळ्याखाली आहे. देणगीदारांच्या अटीनुसार प्रदर्शनाच्या दिवशी किमान नऊजण बेघर असणे आवश्यक होते. बरोबर नऊच उरले होते.

अशात या नऊजणांतली ओवी ताईंकडे आली. एकोणीस वर्षांची ही मुलगी. अठरा पूर्ण होताच अनाथाश्रमाने केक कापून तिला निरोप दिला (नियमच आहे), तेव्हापासून ती एसटी स्टँडवर झोपायची. सगळ्यांत चांगले फोटो तिचेच होते.

“ताई, मनवेलपाड्याला चाळीत खोली भेटतेय. मालकीणबाईंना संस्थेचं ओळखीचं पत्र पाहिजे फक्त. रविवारपर्यंत.”

सुरुचीताईंना खरोखर आनंद झाला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मग त्यांनी कॅलेंडर पाहिलं.

“अगं, वीस तारखेला प्रदर्शन आहे. एवढं वर्ष काढलंस, अजून बारा दिवस काय? एकवीसला पत्र देते, अगदी शिक्क्यासकट.”

“तोवर खोली जाईल ना ताई.”

“नाही गं जात. पॉझिटिव्ह राहा.”

खोली सोमवारी गेली. (यात दोष कोणाचाच नाही. अहवालात तसा रकानाच नाही.)

उरलेल्या दिवसांत ओवीने विरारच्या इमारतींतली बंद दारं टिपली. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र असल्यामुळे वॉचमन आदराने आत सोडत. गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट, दाराला कुलूप, वर वाळून कडक झालेलं तोरण. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. सुरुचीताई भाषणात तिला ‘आपली ओवी’ म्हणाल्या.

प्रदर्शनात एका काकूंनी तिचा हात हातात घेतला. “किती बोलका फोटो आहे गं. हे तर आमच्याच दुसऱ्या फ्लॅटचं दार.”

“रिकामा आहे ना काकू?”

“हो, सात वर्षं. माणसं राहिली की घर खराब होतं गं.”

पत्र आता तयार आहे, आणि ओवी ते घेऊन खोली शोधते आहे. काकूंचा तुम्हाला राग आला असेल, तो योग्यच आहे. मग तुमच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली न्यायला ती उद्या सकाळी आली तर चालेल ना? सोसायटीला विचारायचं असेल तर सावकाश विचारा. ती थांबेल. थांबायची तिला सवय आहे.